खोटी साक्ष

चाकणच्या कारखान्यात अपघात झाला, तेव्हा जिवलग मित्र गोरक्षनंच स्वतःची चूक एलियाच्या माथी मारली. एलियाची नोकरी गेली. सूडापोटी त्यानं गोरक्षच्या बहिणीविषयी, हर्षालीविषयी, नको ते पसरवलं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं.

रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून तो म्हणाला, "प्रभू, त्यानं माझा घात केला." मग त्याला हर्षाली आठवली. तिनं आपलं काय बिघडवलं होतं? तो हुंदके देऊन रडला.

उपासना संपताच तो भोसरीला गोरक्षच्या घरी गेला.

"हर्षाली, मी खोटं बोललो. मुलाकडच्यांनाही जाऊन सांगतो."

"सांग. पण माफी न्हाई मिळायची."

गोरक्ष तोंड फिरवून आत गेला. एलियाच्या मनातली जखम ठसठसतच होती. तरी परतताना देव सोबत चालतोय, असं त्याला वाटलं.