घोळीची जुडी

"मावशी, ही जुडी बघा बरं," म्हणत नेहमीच्या गिऱ्हाईक सुरेखाने सकाळी नेलेल्या जुडीतली एक काडी मोडली. मोडल्या जागी पांढरा थेंब आला.

बानाबाईने काडी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. थेंब दिसेना. बोटाला चिकट लागला तेव्हा तिचा चेहरा उतरला. घोळीच्या भाजीसारखंच दिसणारं एक दुधाळ तण असतं. पोटात गेलं तर माणूस ओकून ओकून आडवा होतो.

"शिजवली नाय ना?"

"नाही. सासूबाईंनी निवडतानाच पकडलं. म्हणाल्या, बानाबाईकडून असं कधी झालं नाही."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

औरंगपुऱ्यातल्या या कोपऱ्यावर बानाबाई चाळीस वर्षं बसत होती. काडी मोडून बघितल्याशिवाय तिने जुडी बांधली नव्हती. ही रीत आईची, केसरबाईची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि आई खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी पदराच्या ओट्यात घोळ घेऊन यायची, एकेक काडी मोडून बघायची. चिमूटभर मूगडाळ, लसूण, मीठ. आंबटपणा घोळीचा स्वतःचा. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबरोबरची ती चव पुन्हा मिळाली नाही. खरं सांगायचं तर दुष्काळ सोडून त्या दिवसांतलं सगळंच बानाबाईला परत हवं होतं.

भाजीबरोबर तिची डॉक्टरकी फुकट असे. "लघवीला उन्हाळी लागली तर खा, पोटबी साफ व्हतंय. मूतखडा असंल तर मातर हात लावू नका." तिच्या चितेगावची रानं कंपन्यांनी आणि प्लॉटवाल्यांनी गिळली, तरी यंदासारख्या कोरड्या सालीही ती पाइपलाइनच्या गळतीपाशी घोळ हुडकून आणायची.

"बाकीच्या चांगल्या असतील, मावशी. मी बघून देऊ का?"

"आज तू बघशील, पोरी. उद्या कोण बघंल?"

तिने सगळ्या जुड्या गोळा केल्या. उघड्यावर टाकल्या तर गायी तोंड घालतील, म्हणून झाकणाची कचरापेटी शोधत ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. सुरेखा सोबत चालली. झाकण तिनेच उचलून धरलं.

चितेगावच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "आज लवकर, मावशी? माल खपला जणू."

बानाबाईने रिकामी टोपली मांडीवर पालथी घातली आणि पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली. "समदा खपला."