फेब्रुवारीत अडकलेला इंडेक्स

बाळंतपणाच्या साडेसहा महिन्यांच्या रजेनंतर कावेरी बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात परतली, तेव्हा तिला एकच धास्ती होती: आपण मागे पडलो असणार. पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करणारी ती कंपनी. त्यातला रुग्णांचे रिपोर्ट तयार करणारा भाग कावेरीनेच लिहिलेला. पण आता बराचसा कोड एआय एजंट लिहीत होता. माणसाने काम सांगायचं, एजंट हजारो फाइलींतून हवं ते शोधून बदल करून द्यायचा.

पहिल्याच दिवशी तिने एजंटला एक छोटं काम दिलं. लहान मुलांच्या रिपोर्टात हिमोग्लोबिनची मर्यादा वयाप्रमाणे दाखवायची होती. एजंटने कोड लिहिला आणि कावेरीला हायसं वाटलं. त्यातल्या फाइलींची नावं, फंक्शन्स, सगळं ओळखीचं होतं. फारसं काही बदललेलं नाही तर!

तिने कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवल्या. सगळ्या फेल.

शेजारच्या टेबलावरची अश्लेषा वाकून बघायला आली. रजेच्या काळात कावेरीचं काम तिनेच सांभाळलं होतं. "अगं, ही फाइल मी एप्रिलमध्येच काढून टाकली. आता सगळं नवीन ठिकाणी आहे."

"मला माहीतच नव्हतं," कावेरी ओशाळून म्हणाली.

"तुला कसं माहीत असणार? पण हा एजंट रिपोर्टच्या कामात नेहमी असाच घोळ घालतो. मी तर ते हातानेच करते आता."

टीमचे प्रमुख विद्याधर यांनी ते ऐकलं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. "स्वल्प दम धरा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसरा एजंट घेऊ."

संध्याकाळी बनशंकरीच्या घरी लेकीला पाजताना कावेरीच्या डोक्यात तेच घोळत होतं. मी रजेवर होते, म्हणून मला कळलं नाही. एजंट तर रोज कामावर होता. मग त्याला नेमकं माझ्याइतकंच कसं ठाऊक?

दुसऱ्या दिवशी तिने एजंटला रिपोर्टबद्दल एकामागून एक प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तरात तिचा जुना कोड. कोडमधल्या एका टिपणात तिने केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी, जी अश्लेषाने केव्हाच दुरुस्त केली होती. मग तिने अपॉइंटमेंटच्या भागाबद्दल विचारलं. तिथे मात्र कालपर्यंतचं सगळं बरोबर.

एजंट शोध घेतो तो इंडेक्समध्ये, म्हणजे कोणती गोष्ट कुठल्या फाइलीत आहे याच्या नोंदींमध्ये. कावेरीने तो उघडला. एक प्रोग्राम रोज सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचून तो नव्याने भरायचा, आणि त्याला दोन तासांची मुदत होती. कोड वाढत गेला, तसे दोन तास अपुरे पडू लागले. शेवटचा नंबर रिपोर्टच्या फोल्डरचा. त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच प्रोग्राम थांबायचा, आणि वर 'काम पूर्ण' अशी नोंदही करायचा! रिपोर्टच्या नोंदी फेब्रुवारीतल्याच राहिल्या होत्या. कावेरी रजेवर गेली, त्याच आठवड्यातल्या.

"अण्णा, एजंट बदलू नका," तिने विद्याधरना सांगितलं. "त्याला बिचाऱ्याला जुनंच दाखवतोय आपण."

त्यांनी स्क्रीनवरची तारीख दोनदा वाचली. "आमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"तुम्हाला ती एजंटची नेहमीची चूक वाटली. मीही फेब्रुवारीतच अडकले होते, म्हणून मला ओळखू आलं."

पुढचे तीन दिवस कावेरी आणि अश्लेषा इंडेक्सच्या मागे लागल्या. रोज सगळं वाचण्याऐवजी, कुणी बदल केला की तेवढ्याच फाइली लगेच वाचायच्या, असं त्यांनी ठरवलं. पहिला प्रयत्न फसला. नव्या फाइली सापडू लागल्या, पण काढून टाकलेल्याही सापडतच राहिल्या.

"भुतं!" अश्लेषा वैतागून म्हणाली.

"फाइल गेली की तिची नोंदही पुसायला हवी. ते आपण केलंच नाही," कावेरी म्हणाली. त्यांनी तेही केलं. शिवाय इंडेक्स कोणत्या बदलापर्यंतचा आहे, ते एजंटला दरवेळी दिसेल अशी सोय केली. तो मागे असेल, तर एजंटने मूळ फाइलच उघडून वाचायची.

शुक्रवारी दुपारी कावेरीने हिमोग्लोबिनचं काम एजंटला पुन्हा दिलं. दोघी स्क्रीनकडे बघत राहिल्या. एजंटने अश्लेषाची नवी फाइल शोधली, मर्यादा वयाप्रमाणे लावली. सगळ्या टेस्ट पास.

"आता ही फाइल मलाही समजावून सांग," कावेरी म्हणाली. अश्लेषाने खुर्ची जवळ ओढली. पुढचा तासभर ती आपण काय काय बदललं आणि का, ते सांगत राहिली. दोन ठिकाणी कावेरीने शंका काढली. त्यातली एक अश्लेषाने खोडून काढली, दुसरी मान्य करून लिहून घेतली.

निघताना विद्याधर टेबलापाशी आले. "बाकीच्या टीमचे इंडेक्सही तपासायला हवेत. काम तू चालवशील?"

"चालवीन. पण पाचला निघणार. घरी लेक वाट बघते."

"सरी, चालेल," ते हसून म्हणाले, "मीटिंगा सकाळच्या ठेवू."