पाच नंबरच्या पेशी

"ताई, पट्टी नाही! पाच नंबरमध्ये पट्टीच नाही!"

संशोधक मुलगी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतले दोघे दारात येऊन डोकावले. ताई हातमोजे काढत संगणकाच्या पडद्यापाशी गेल्या. आठ नमुने ओळीने मांडलेले. सगळीकडे कायनेज या प्रथिनाची ठळक काळी पट्टी होती, पाचवं घर तेवढं कोरं. खाली ताळ्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या प्रथिनाची पट्टी मात्र आठही घरांत सारखी होती. म्हणजे नमुना भरण्यात चूक नव्हती.

"गेलं कायनेज," ताई म्हणाल्या.

एकवीस वर्षं ताई या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवत होत्या. हुद्दा तंत्रज्ञाचा, काम दाईचं. वेळेवर खाऊ घाला, ऊब द्या, बुरशीपासून जपा. या खेपेचं कायनेज म्हणजे पेशीला 'वाढ' असा हुकूम सोडणारं प्रथिन, आणि त्याचं जनुकच मोडून काढायचं होतं. त्यासाठी प्लाझमिड, म्हणजे डीएनएची चिमुकली कडी, पेशींत सोडायची. जनुक कापणारी कात्री कशी बनवायची आणि नेमकं कुठे कापायचं, दोन्ही त्या कडीवरच लिहिलेलं. ज्यांनी कडी घेतली नाही त्या पेशी औषधाने मारायच्या. उरलेल्यांतली एकेक वेचून प्लेटच्या एकेका खळग्यात एकटी ठेवायची आणि तिचा गोतावळा होईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघायची. या वेचणीत ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हेच कायनेज बंद पाडणारी गोळी ताईंची धाकटी बहीण आठ महिने रोज घेत होती, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लेटमधल्या पेशी कुणा परक्या माणसाच्या होत्या, पण कर्करोग त्याच जातीचा.

"पण ताई," मुलीचा आवाज एकदम उतरला, "कायनेज नाही, तर या मरायला हव्या होत्या ना? निदान वाढ तरी खुंटायला हवी."

ताईंनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्यांनी ते तीन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. पाच नंबरच्या पेशी ऐसपैस पसरल्या होत्या.

"काही बिघडलेलं नाही त्यांचं. दुसरी वाट काढलीय."

"म्हणजे भलतंच निघालं! सर खूश होतील. पेपर होईल यावर."

"होईल की," ताई म्हणाल्या आणि नवे हातमोजे शोधू लागल्या.

धाकटी शाळेत खेळ शिकवायची. अख्ख्या मैदानाला पुरेल असा तिचा आवाज. आजारी पडल्यापासून ती ताईंकडेच राहत होती. गोळ्यांनी तोंड सोलपटून निघालं होतं. गार दूध आणि मऊ भात, तोही घोटाघोटाने. तरी जीभ काही गप्प बसत नव्हती. "तू तिकडे कापून बघ, मी इकडे गिळून बघते. बघू कोण जिंकतं," असं ती म्हणायची. रोज संध्याकाळी ताईंनी चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न तयार असे.

"काय म्हणतायत तुझी पिल्लं?"

'अजून कळायचंय,' हे शब्द त्या दिवशी ताईंच्या ओठांवर आले होते. एकवीस वर्षांत प्रयोगाच्या वहीत त्यांनी एक खोटी ओळ लिहिली नव्हती. इथे कुठली वही होती?

"तोंड बघ तुझं," धाकटी म्हणाली. "लहानपणापासून तुला थाप मारता येत नाही. मेल्या का?"

"नाही गं. वाढतायत."

"मजेत?"

"मजेत."

"मेल्या मेल्याच नाहीत म्हण की!" धाकटी स्वतःच्याच विनोदावर हसली, आणि ओठ फाटून रक्त आलं तेव्हा पदराने टिपत राहिली.

ताई घाईने म्हणाल्या, "प्लेटमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. त्यावरून काही ठरवायचं नसतं."

"कळतं मला. पण गाठ वाढलीय, हे डॉक्टरांनी मागच्याच वेळी सांगितलं ना? गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, तुम्ही ठरवा म्हणाले. मी तुझ्या प्लेटसाठी थांबले होते." ओठ पुन्हा टिपून ती म्हणाली, "मला एकदा जळजळ न होता जेवायचंय, ताई. आणि ओरडायचंय."

डॉक्टरांनी मोडता घातला नाही.

तीन आठवड्यांत तोंड बरं झालं. धाकटीने संत्रं खाल्लं, रस कोपरापर्यंत ओघळेस्तोवर. एके दिवशी खिडकीतून गल्लीत पळणाऱ्या पोरांवर ती ओरडली, "गुडघे वर! अरे, गुडघे वर घ्या!" पोरं दचकली आणि खरंच गुडघे उचलून पळाली. ताई स्वयंपाकघरात नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

सगळे मिळून नऊ आठवडे मिळाले. त्यातले पाच चांगले. दहाव्या आठवड्यात एका सकाळी ताई तिचे केस विंचरत होत्या, तेव्हा ती गेली. वेणी अर्धी झाली होती. ताईंनी ती पुरी केली, मगच शेजाऱ्यांना हाक मारली.

आपण थाप मारली असती तर? गोळ्या चालू राहिल्या असत्या तर आणखी महिनाभर मिळाला असता का? प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगाला हात न लावलेली एक प्लेट शेजारी ठेवतात, ताडून बघायला. ताईंना बहीण एकच होती.

पाचव्या दिवशी त्या कामावर आल्या. कार्यालयातल्या कारकुनाने रजेचा अर्ज पुढे सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दुखवट्याची रजा आई, वडील, नवरा आणि मुलं यांच्यासाठीच मिळते, ताई. बहीण त्यात बसत नाही हो." तो खरोखरच ओशाळला होता. "वर विचारून बघू का?"

"नको. माझ्या हक्काच्या रजेतून वळती करा."

"मग इथे कारण लिहावं लागेल."

रकाना बोटभर रुंदीचा होता. ताईंनी त्या रकान्याकडे बघितलं आणि लिहिलं, 'घरगुती काम'. खाली सही केली. पेनाला टोपण लावून पेन त्याला परत दिलं. पेशींना खाऊ घालायची वेळ झाली होती, म्हणून त्या जिना चढू लागल्या.