नुसता चेहरा

माझ्या गुडघ्यात बंदुकीची गोळी आहे असं मी त्या फॉर्मवर लिहिलं.

गोळी-बिळी काही नाही, गुडघा नुसता दुखतो. पण "शरीरात कुठे धातू आहे का?" असा प्रश्न आणि खाली लांबलचक मोकळी रेघ. मोकळी रेघ दिसली की माझा हात वळवळतो. लिहिता लिहिता ती कोणी झाडली, का झाडली आणि मी त्याला कसं माफ केलं, तेही मागच्या पानावर गेलं.

ठमी धावत आली. ठमी म्हणजे माझी नात. मेंदूचे फोटो काढायच्या मशीनवर तिचा अभ्यास चालतो. मन मरगळलेली माणसं दुसऱ्याचे चेहरे बघतात तेव्हा त्यांच्या मेंदूत काय होतं, आणि बऱ्या माणसांच्या मेंदूत काय होतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. मरगळलेले म्हातारे तिला पटापट मिळाले. बरे म्हातारे वीस हवे होते, तिथे गाडी एकोणीसवर अडली होती. महिनाअखेरीला मशीन दुसऱ्या लोकांकडे जाणार. विसावं माणूस नाही मिळालं तर तिचं वर्षाचं काम लटकलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हटलं, मी आहे की घरात. तिच्या मॅडमनीही चालेल म्हणून सांगितलं.

"आजी, आत केवढं मोठं लोहचुंबक आहे माहितेय? खरंच गोळी असली तर गुडघा फाडून बाहेर येईल."

"येऊ दे की. डॉक्टरचं काम वाचलं."

"आजी. एका वाक्यात."

हा आमच्या घरचा कायदा आहे. ठमी सहा वर्षांची असताना तिनेच केला. मी तिला सांगितलं होतं की लहानपणी मी विहिरीत पडले तेव्हा एका कासवाने मला पाठीवर बसवून वर आणलं, आणि वाटेत भाडंही ठरवलं. ते तिने शाळेत सांगितलं. वर्ग हसला. घरी येऊन दप्तर न काढताच म्हणाली, "आजी, ह्यापुढे खरं असेल तर एका वाक्यात सांगायचं. लांबलं की खोटं." कायदा पक्का निघाला. माझी एकही थाप आजवर एका वाक्यात बसलेली नाही.

"गोळी नाही," मी म्हटलं. तिने रेघ खोडली.

मग दुसरा फॉर्म दिला. गेले दोन आठवडे कसे गेले, त्याचे एकवीस प्रश्न. झोप, भूक, रडू, उत्साह. काहीच त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन. "हा मात्र एकटीने भर, कोणी बघणार नाही," म्हणाली आणि गेली.

मी ओळीने एकवीस शून्यं काढली. मोकळी रेघ नव्हती, त्यामुळे थाप मारायला मेहनतही पडली नाही.

खरं सांगायचं तर पहाटे चारला मला जाग येते. मग छत. चहा करायचा तर भांडं खालच्या फळीवरून काढावं लागतं, आणि त्या भांड्याचा विचार करता करता आठ वाजतात. अंगावर कोणी ओली सतरंजी टाकून गेल्यासारखं. दुपारी मुलाचा, म्हणजे ठमीच्या बाबांचा, फोन येतो. त्याला मी शेजारणीच्या मांजराची हकिकत सांगते, ते हल्ली एकटंच लिफ्टने वर-खाली करतं. तो पोट धरून हसतो. फोन ठेवला की मी तो हातात घेऊन तशीच बसून राहते, तासभर. एवढी एक थाप मारायला दिवसाचं सगळं बळ जातं.

आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. ते कारण नाही. तेव्हा मी रडले, जेवले, पुन्हा रडले. ते दुःख होतं, कळत होतं. ह्याला कारण विचाराल तर मला दाखवता येणार नाही.

आणि ठमीला वीस हवे होते.

अकरा आकडे केसांतून निघाले, बांगड्या निघाल्या, कवळी निघाली. मशीनवाल्याने मला फळीवर निजवलं, डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं आणि हातात तीन बटणं दिली. चेहरा हसरा असेल तर पहिलं, दुःखी असेल तर दुसरं, दोन्ही नसून नुसताच असेल तर तिसरं. "आजी, डोकं हलवायचं नाही. बोलायचं तर नाहीच."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"अरे, मी झोपेतसुद्धा एवढी गप्प नसते," मी म्हटलं. तो हसला. मग मला आत सरकवलं.

आत नुसता दणदणाट, बादली पालथी घालून वर कोणी हातोडी मारावी तसा. आणि ऐकायला समोर कोणी नाही. किती वर्षांनी माझ्याजवळ कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं कोण जाणे.

चेहरे येऊ लागले. हसरे ओळखू येत होते, बोट मात्र आरामात जात होतं. हसतोस ना, बरं, हस बाबा. रडवेल्यांना वेळच लागला नाही. आणि बाकीचे बहुतेक मला वैतागलेले दिसले. एक बाई तर दुसऱ्यांदा फोन केला की मुलाचा चेहरा होत असेल तशी. एक म्हातारा, सगळं आवरून दारात वाट बघत बसलेला. वैतागाला वेगळं बटण नव्हतं, म्हणून मी दुसरंच दाबत राहिले. त्या दिवशी एवढंच एक काम मी प्रामाणिकपणे केलं.

बाहेर आले तर ठमी पडद्यासमोर बसली होती.

"आजींनी आपली मजा केलेली दिसतेय," मशीनवाला म्हणाला.

"आजी, नुसते चेहरे तीस होते," ठमी म्हणाली. "त्यांतले बावीस तू दुःखी म्हणून दाबलेस. मुद्दाम केलंस ना?"

आयतं दार उघडं होतं. हो म्हटलं असतं तर ती चिडली असती, गुरुवारी पुन्हा निजवलं असतं, आणि शंका आली की तिसरं बटण दाबून मी विसावी झाले असते. कवळी बसवली आणि सुरूच केलं, "अगं, त्यातला तो टकल्या बघितलास ना, तो पोस्टात होता, आणि त्याची बायको..."

बोलता बोलता ठमीकडे पाहिलं. वैतागली होती. ओठ घट्ट, डोळे थकलेले. मी थांबले.

"रागावलीस?"

"नाही गं."

"कंटाळलीस माझ्या बडबडीला."

"नाही, आजी. नुसती ऐकतेय."

हा चेहरा ती तासाभराची असल्यापासून मी बघते आहे. दात यायच्या आधी ती कधी खोटं रडते तेही मला कळायचं. आणि आत्ता मला त्यावर स्पष्ट राग दिसत होता, जो तिथे नव्हता. गोळी खरंच असती तरी मी एवढी घाबरले नसते.

"तो फॉर्म खोटा आहे," मी म्हटलं.

"खोडला की गोळीचा."

"दुसरा."

"आता ही कुठली गोष्ट?" तिचं लक्ष पडद्यावर.

"एका वाक्यात सांगते."

तिचा हात थांबला.

"पहाटे चारला जाग येते आणि उठायचं कशाला ते आठपर्यंत कळत नाही."

वाक्य लांबतंय का, ह्याची तिने वाट बघितली. मी लांबवलं नाही. मशीनवाल्याला एकदम चहाची आठवण झाली आणि तो बाहेर गेला.

"कधीपासून?"

"सहा-सात महिने."

"बाबांना माहितेय?"

"त्याला मांजर माहितेय."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मीच विचारलं, "तुझं मशीन सांगेल का मला काय झालंय?"

"नाही सांगत ते असं. पुष्कळ माणसांचं एकत्र करून बघतात, एकट्याचं नाही कळत. बटणांवरूनही नाही. तू सांगितलंस म्हणून कळलं."

तिने कोरा फॉर्म घेतला आणि स्वतः वाचायला लागली. मी आकडे सांगत गेले. दोन. तीन. दोन. अकराव्या प्रश्नाला म्हणाली, "पूर्वीसारखं हसू येतं?"

"हसवते की सगळ्यांना."

"ते नाही विचारलं."

"मग तीन लिही."

एकविसावा झाला तेव्हा माझी पाठ भरून आली होती. ठमीने मॅडमना फोन लावला. "एकोणीसच आहेत," म्हणाली, "हो, आजीचं काढून टाका." मग आणखी एक फोन केला आणि उद्या दहाची डॉक्टरांची वेळ घेतली.

"तुझं वर्ष गं," मी म्हटलं.

"मला एकोणीस चालतील."

वाक्य एकच होतं. पण कायदा तिला लागू आहे की फक्त मला, हे आमचं कधी ठरलेलं नाही. मी विचारलं नाही. ती माझे आकडे एकेक करून केसांत खोचत होती, वेडेवाकडे.

निघताना फाटकावरच्या रखवालदाराने आमच्याकडे पाहिलं.

"हा चिडलाय का आपल्यावर?" मी हळूच विचारलं.

"नाही. बूट चावतोय त्याला."

मी वळून पाहिलं. तो एका पायावर उभा होता.