मागच्या दाराचे नऊ फोटो

मित्रांनो, कपाटात मोजपट्ट्या आणि बोथट कात्र्यांच्या शेजारी पडलेला हा काळा ठोकळा म्हणजे मी, एक जुना रोलवाला कॅमेरा. तुमच्या फोनपेक्षा जाड आणि अकलेने बराच कमी. तरी माझ्या हातून एक चांगलं काम झालं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्याने माझे स्क्रू बसवले. पुढे मला एका ताईंनी विकत घेतलं. बायका कुठे, कशा राबतात याचे फोटो काढत त्या गावोगाव फिरत. पण त्यांच्या गळ्यात असे एक भारदस्त कॅमेरा. मी नुसता अडीअडचणीला, पिशवीच्या तळाशी. दोन वर्षं मी बिस्किटांच्या चुऱ्याशिवाय काही पाहिलं नाही.

मग ताई एका शिवणाच्या कारखान्यात आल्या. तिथे बटणांच्या काजांच्या मशीनवर बसणाऱ्या मावशींनी त्यांना एक गोष्ट सांगितली. मागच्या दाराला कायम कुलूप, पुढ्यात कापडाचे गठ्ठे रचलेले. आग लागली तर शंभर बायकांना एकच अरुंद जिना. सरकारी साहेब पाहणीला येत, पण मालकांना आधीच खबर लागे, एक-दोन दिवस अगोदर गठ्ठे हलत, कुलूप निघे आणि तक्रार करणाऱ्या बायका खोट्या पडत. ताईंना तर मालक मागे फिरकूही देत नव्हते.

मी फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापतो. ताईंनी मला मावशींच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

मावशींनी रोज एक, असे नऊ दिवस फोटो काढले. फोटो काढला की माझी मोटर घुरघुरते. म्हणून त्यांची नणंद शेजारच्या मशीनवर चिंधी घालून उगाच शिवत बसायची. एरवी या दोघींचं पाणी भरण्यावरूनही वाजायचं.

दहाव्या दिवशी घोटाळा झाला. शिवणारी बाई कपडा उलटा करून टाके पाहिल्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही. मावशींनी तेच केलं. भर दुपारी खिडकीशी उभं राहून त्यांनी माझं मागचं झाकण उघडलं आणि फोटो नीट आलेत का ते पाहिलं. आत नुसती करडी पट्टी होती.

"वहिनी, आता इस्त्रीही करून घ्या," नणंद म्हणाली. पण लगेच तिनेच ताईंना निरोप धाडला.

ताईंनी येऊन आधी झाकण लावलं. रोलवर ऊन पडलं की फोटो जळतात. साहेब परवा येणार होते, गठ्ठे सकाळीच हलले होते. पुन्हा फोटो काढायला कुलूपच उरलं नव्हतं. मावशी कुणाकडे न बघता सुईपासून बोट वाचवणारं अंगुस्तान बोटावर फिरवत राहिल्या.

माझ्या डोक्यावरची फोटो मोजणारी खिडकी पाहून ताईंनी विचारलं, "मावशी, वरचा आकडा चढत होता की उतरत?"

"उतरत. मला वाटलं, किती उरले ते सांगतोय."

ताईंनी मला उलटसुलट पाहिलं आणि त्या हसायलाच लागल्या. मित्रांनो, माझी एक खोड आहे. रोल घातला की मी त्याची पट्टी आधी सगळी त्याच्या बंद डबीबाहेर ओढून घेतो आणि प्रत्येक फोटोनंतर तेवढा तुकडा परत डबीत ढकलतो. काढलेले फोटो अंधारात सुखरूप होते. जळाला तो कोरा भाग. मला हे केव्हाचं सांगायचं होतं, पण तोंड कुठून आणू?

"म्हणजे शिवलेलं आत, कोरं कापड बाहेर," मावशी म्हणाल्या. "शहाणा आहे मेला." आणि मग त्यांना रडू आलं.

आठ फोटो स्वच्छ निघाले, नववा कडेला थोडा जळका. साहेब आले तेव्हा दार सताड उघडं होतं. मावशींनी नऊ फोटो त्यांच्यासमोर ओळीने मांडले. त्यांनी एकेक तारीख वाचली, पुन्हा वाचली. संध्याकाळपर्यंत दाराची कडीच कापून काढली गेली.

त्या उघड्या दारात सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि नवा रोल घालून नणंदेने फोटो काढला. मागून उजेड, त्यामुळे चेहरे काळे आले. ताई म्हणाल्या, पुन्हा काढू. मावशी म्हणाल्या, "राहू दे. दार छान आलंय."

आता माझा रोल सहजी मिळत नाही. ताईंनी मला इथेच, कारखान्याच्या कपाटात ठेवलं, पण बॅटरी काढायचं राहिलं. ती पाझरली आणि माझी मोटर कायमची गप्प झाली. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची बॅटरी काढा, त्याला कोरड्या जागी ठेवा. आणि कुणाच्या हालांचे फोटो काढायला गेलात, तर कॅमेरा एकदा त्यांच्याच हातात द्या. कुठलं दार दाखवायचं, ते त्यांना ठाऊक असतं.