मालनबाईंची कवळी

जामखेडमधल्या एका दातांच्या दवाखान्यामागे छोटीशी खोली आहे. तिला लॅब म्हणतात. डॉक्टर जबड्याचं माप घेतात आणि त्यावरून कवळी घडवते ती आत बसलेली भारती. पेशंट डॉक्टरांना नमस्कार करून जातात. दात कुणी केले हे कुणी विचारत नाही. पुढे जे घडलं ते पाहता, विचारत नव्हते तेच बरं होतं.

त्या दिवशी मेणात बसवलेले दात नीट जुळतात का, हे पाहायला डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. खुर्चीत तिच्याच गावच्या मालनबाई होत्या. सत्तरीच्या, विधवा, तीन वर्षं आमटीत भाकरी भिजवून खात होत्या.

“तू आक्काबाईची न्हवं?”

“व्हय, आजी.”

मालनबाईंनी दाराकडं पाहिलं. मुलगा राधाकिसन बाहेर मोबाईलवर बोलत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, “समोरचा दात जरा वाकडा ठिव गं. माझा पयला तसाच हुता.”

भारतीला हसू आलं. दिवसभर खपून तिनं तो दात हवा तेवढाच वाकडा बसवला.

कवळी मिळाली तेव्हा हरभऱ्याचे दिवस होते. ‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण मालनबाई तीन वर्षं भोगत होत्या. आता बांधावर बसून त्यांनी मूठभर हुळा, म्हणजे भाजलेला ओला हरभरा, कराकरा चावला आणि एकट्याच खूप वेळ हसल्या.

आठ दिवसांनी घात केला तो एका आईच्या कौतुकानं. आक्काबाई गिरणीत दळण घेऊन उभी होती. कुणीतरी मालनबाईंच्या दातांची तारीफ केली आणि हिला राहवलं नाही. “माझ्या भारतीनं केल्यात त्ये!” गिरणीच्या एवढ्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. आक्काबाई राहते त्या बौद्धवस्तीचं नाव घेताना ज्यांचा आवाज आजही खाली येतो, त्यांना तर जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी राधाकिसननं रुमालात बांधलेली कवळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. शेजारी मालनबाई उभ्या होत्या, ओठ आत गेलेले.

“टोचत्यात,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी भारतीला आतून बोलावलं. तिनं कवळीच्या सगळ्या कडांवरून बोट फिरवलं. कुठंच खडबडीत नव्हतं. “आजी, कुठं टोचतंय?”

मालनबाईंनी तोंड उघडायच्या आतच राधाकिसन बोलला.

“तिला काय इचारती? डॉक्टर, दुसरीकडनं करून आना. तोंडात घालायची वस्तू हाय. समजून घ्या.”

डॉक्टर समजले. त्यांना याच भागात दवाखाना चालवायचा होता. “पुण्याहून मागवू,” एवढंच ते म्हणाले, आणि भारतीकडं बघायचं त्यांनी टाळलं.

“आरं, आपला हरभरा तिच्या आईनंच उपटलाय ना?” मालनबाई एकदम बोलल्या. “त्यो बरा चालतो?”

“आये, गप.”

पुण्याची कवळी कधीच मागवली गेली नाही. म्हातारीचं काय, भिजवून खाईल!

भारतीनं तक्रार करायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. कशाची? ‘टोचत्यात’ या शब्दाला कुठलं कलम लावायचं? ज्याला खरोखर टोचत होतं ते तिचं काळीज, आणि त्याचं माप कुणी घेत नाही. तिनं कवळी वाडग्यात पाण्यात ठेवली. कोरडी पडली तर ती वाकते, म्हणून रोज सकाळी ती पाणी बदलायची. का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाजारच्या दिवशी लॅबचं मागचं दार वाजलं. मालनबाई होत्या, पदरात फुटाण्यांची पुडी घेऊन.

“हाय का गं ती?”

भारतीनं वाडगं पुढं केलं. मालनबाईंनी कवळी लावली आणि उंबऱ्यावर बसून एकेक फुटाणा सावकाश चावून खाल्ला. पुडी संपल्यावर कवळी धुऊन त्यांनी स्वतःच परत पाण्यात ठेवली.

“घरी न्या ना, आजी. तुमचीच हाय.”

“न्हाई गं. लेकाच्या घरात ऱ्हायचं हाय मला.” त्या दार धरून उठल्या. “पुढच्या बाजारापत्तुर पानी बदलत जा.”

राधाकिसन वाईट माणूस नाही, असं गावात सगळेच सांगतात. त्याची आई आठवड्यातून एकदाच चावून खाते, आणि तेही लपून, हे मात्र कुणी सांगत नाही. भारती अजून रोज सकाळी पाणी बदलते.