दुमडलेला कोपरा

चिकटपट्टीचा एक कोपरा आतल्या बाजूला दुमडलेला होता. दुमड दोन मिलिमीटरची, सरळ, नखाने दाबून बसवल्यासारखी. पट्टी जखमेवर लावतात तसली, कापडी. लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी नऊ. ती टॅबलेटच्या पाठीवर, बरोबर कॅमेऱ्याच्या भिंगावर चिकटवलेली होती. मी वहीत लिहिलं, ‘कॅमेरा पट्टीने बंद. एक कोपरा दुमडलेला, २ मि.मी.’ आणि पुढचा टॅबलेट उचलला. त्याच्यावरही पट्टी होती. सहाच्या सहांवर होती.

मग मी पोर्ट तपासले. चार्जिंगच्या पोर्टाची कड घासून चकचकीत झाली होती. वजनकाट्याची वायर जिथे बसते तो दुसरा पोर्टही भरपूर वापरलेला दिसत होता. तिसऱ्यात बाळाची पावडर ठासून भरली होती. चौथा म्हणजे हेडफोनचा, गोल. एका टॅबलेटमध्ये त्यात पेन्सिलीचा बोटभर तुकडा टोकाकडून खोचून उभा केला होता.

“बघा!” मालक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. “चौथा पोर्टसुद्धा वापरात आहे.”

आमचा कारखाना म्हणजे शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. खालची सात मशिनं एकदम सुरू झाली की माझ्या टेबलावरचा नाजूक काटा थरथरायला लागतो, म्हणून बारीक वजनं मी खालच्यांच्या चहाच्या सुट्टीत घेते. आम्ही एकच वस्तू बनवतो. घरोघरी जाऊन नवजात बाळांची वजनं करणाऱ्या नर्सबायकांसाठी टॅबलेट. सध्या त्या सगळं वह्यांत लिहितात आणि त्या वह्या खांद्यावर वागवतात. नमुन्याचे सहा टॅबलेट आम्ही त्यांना वापरायला दिले होते, त्यांत मालकांनी हौसेने होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. ते आता तपासायला परत आले होते. आता पक्का टॅबलेट करायचा होता. त्याला कॅमेरा हवा का, आणि चार पोर्ट हवेत का, हे मी सांगायचं होतं. चौदा महिन्यांपूर्वी हा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं होतं, “मोजून सांगते.” अजून मोजतच होते.

या भिजत घोंगड्याचा सगळ्यात जास्त त्रास डायवाल्या काकांना होत होता. टॅबलेटचं प्लॅस्टिकचं कवच ज्या पोलादी साच्यात ओततात, त्याला डाय म्हणतात, आणि ती काका कापतात. डाय एकदा कापली की कॅमेऱ्याच्या होलाची जागा ठरली ती ठरली. ते रोज सकाळी नऊ वाजता फोन करत. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, “ताई, होल द्यायचा की नाही?”

“मोजतेय, काका.”

“मोजा, मोजा. मी इथे पोलादाला पंख्याने वारा घालतो.”

या सोमवारी मात्र ते हसले नाहीत. “पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत मशीन मोकळं आहे. त्यानंतर बादल्यांच्या डाय लागतात. एकदा बादल्या लागल्या की आठ महिने मी तुमचा नाही.”

आठ महिने मला परवडणारे नव्हते, कारण सहा महिन्यांनी माझी मावशी रिटायर होणार होती.

मावशी त्या सहा नर्सपैकीच एक, त्यांची प्रमुख. आईच्या पाठची बहीण. कॉलेजपासून मी तिच्याकडेच राहते. एकतीस वर्षं ती वह्यांची पिशवी उजव्या खांद्यावर घेऊन जिने चढते. पिशवीचं वजन मी केलंय, सहा किलो दोनशे ग्रॅम. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली आहे, तेही मीच मोजलंय. त्या दिवशी ती पोट धरून हसली होती आणि तेव्हापासून मला ‘मोजपट्टी’ म्हणते. पण खांदा शेकताना एकदा, माझ्याकडे न बघता, म्हणाली होती, “घरी बसायच्या आधी एक दिवस तरी रिकाम्या खांद्याने फिरायचंय गं मला.”

तुम्ही म्हणाल, मग मावशीलाच विचारायचं की. रोज रात्री एका टेबलावर जेवता. पण ते न विचारणं हा माझा नियम होता. विचारलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो, त्यातून भाचीने विचारलं तर जास्तच. प्रयोगशाळेत मी हेच शिकले होते. घरी टॅबलेटचा विषय बंद होता.

“विचार गं एकदाचं,” मावशी पिशवी खुर्चीवर टाकत म्हणायची.

“नको. निकालावर परिणाम होईल.”

“माझ्या खांद्यावर होतोय त्याचं काय?”

त्या पट्ट्यांनी मला वाटलं, निकाल लागला. सहा जणींनी कॅमेरा झाकून टाकला होता. याहून स्पष्ट काय हवं? मी मालकांना सांगितलं, कॅमेरा काढायचा, पोर्ट दोनच ठेवायचे. मालकांनी कपाळावर हात मारला.

“कॅमेरा नाही, पोर्ट नाहीत! पाटी विकायला निघालोय का आपण?”

त्यांच्या या बोलण्याने मला एक कल्पना सुचली. “पाटीच देऊन बघूया,” मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या सुताराकडून मी टॅबलेटच्याच मापाच्या सहा फळ्या कापून घेतल्या. वजनसुद्धा तेवढंच, पाचशे चाळीस ग्रॅम. दोन फळ्या सुताराने तासून तासून बरोबर केल्या आणि मला विचारलं की मी फळ्या घेतेय की सोनं. प्रत्येकीवर पेन्सिलीने कॅमेऱ्याचा गोल आणि चार पोर्टांची चित्रं काढली. नर्सना सांगितलं, आठवडाभर टॅबलेटऐवजी हे बरोबर ठेवा. ‘आत्ता हे हवं होतं’ असं वाटलं की त्या चित्राशेजारी एक रेघ मारा. बाकी काही नाही.

“बाळाचं वजनही लाकडावर करू का?” सगळ्यात धाकट्या नर्सने विचारलं. बाकीच्या हसून हसून बेजार झाल्या. मावशी तेवढी हसली नाही. तिने फळी पिशवीत वह्यांच्या शेजारी सरकवली आणि म्हणाली, “चला, आता सहा किलो सातशे चाळीस.”

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी फळ्या परत आल्या. खाली मशिनं बंद होण्याची वाट न बघता मी रेघा मोजायला बसले, कारण रेघा थरथरत नाहीत. चार्जिंग आणि वजनकाटा यांच्या शेजारी कुंपणासारख्या रेघा होत्या. तिसऱ्या पोर्टाला एकही नाही. चौथ्याला एकच, मावशीच्या फळीवर, आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘पेन्सिल ठेवायला’. इथपर्यंत सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे.

मग कॅमेरा. मावशीच्या फळीवर एकतीस रेघा होत्या. धाकटीच्या फळीवर पंचवीस. एकही फळी कोरी नव्हती.

मी पुन्हा मोजलं. मग वही उघडून टॅबलेटांचं पान काढलं. कॅमेरा पट्टीने बंद, सहापैकी सहा. ज्या बायकांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बुजवला, त्याच बायकांना आठवडाभर कॅमेऱ्याची आठवण येत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही एका पानावर मावत नव्हत्या.

फळी उलटली तर मागे मावशीच्या सुबक अक्षरात सबंध आठवड्याची वजनं लिहिलेली. तारीख, घर, किलो, ग्रॅम.

संध्याकाळी तीच फळी जेवणाच्या टेबलावर ठेवून मी बसले. मावशी हात पुसत आली.

“फार छान चालते गं ही,” ती म्हणाली. “आठवडा झाला, चार्जिंगसुद्धा लागलं नाही.”

“मावशी, हिच्यावर लिहायचं नव्हतं.”

“मग पेन्सिल ठेवायला जागा कशाला दाखवलीस? मोह झाला.”

मी फळी उलटून त्या एकतीस रेघा वर केल्या. मग जे चौदा महिने केलं नव्हतं ते केलं.

“मावशी, टॅबलेटबद्दल एक विचारू?”

तिने हातातलं फडकं हळूच खाली ठेवलं. “थांब, मी बसून ऐकते. हा योग पुन्हा यायचा नाही.”

“कॅमेऱ्यावर पट्टी कोणी लावली?”

“मी. पोरींनाही मीच शिकवली.”

“म्हणजे कॅमेरा नको होता.”

“असं कोण म्हणालं?”

“मग हवा होता?”

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती ताप नसताना थर्मामीटर मागणाऱ्या आयांकडे बघते. “सांगून तुला पटायचं नाही, मोजपट्टी. तुला दिसायला लागतं. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. आणि माझा तो टॅबलेट कारखान्यातून घेऊन ये, पट्टीसकट.”

शनिवारी साडेदहाला आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी पोचलो. एकच मोठी खोली, खिडकीशी पलंग, दोरीवर बाळाचे सतरा लंगोट. पलंगावर एकोणीस दिवसांची आई बसली होती. दाराशी तिची सासू उभी होती आणि बाळाचं वजन वाढेपर्यंत श्वास घ्यायचा नाही असं ठरवल्यासारखा तिचा चेहरा होता. मागच्या दोन खेपांना काटा हवा तेवढा सरकला नव्हता, हे मावशीने जिन्यातच सांगितलं होतं.

मावशी समोरच्या स्टुलावर बसली आणि टॅबलेट मांडीवर उभा धरला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो कसा दिसतो. पडदा मावशीकडे, पाठ आईकडे. त्या पाठीवरचा कॅमेरा थेट आईच्या अंगावर रोखलेला, आणि ती तर बाळाला पाजत होती. कारखान्यात आम्ही सगळे कायम पडद्याच्या बाजूला बसतो. पाठीकडून टॅबलेट कसा दिसतो, हे चौदा महिन्यांत आम्ही कोणी बघितलंच नव्हतं.

आईने पट्टीकडे एक नजर टाकली आणि ती निवांत पाजत राहिली.

पाजून झालं. मावशीने बाळाला काट्यावर ठेवलं. बाळाने पाय झाडले, आकडे वरखाली झाले आणि स्थिरावले.

“दोन किलो आठशे दहा,” मावशी म्हणाली. “सहा दिवसांत दोनशे तीस वर.”

सासूने श्वास सोडला. “मी म्हणतच होते!”

“काय म्हणत होतात, आई?” सून हसत म्हणाली. “काल तर काटा बिघडलाय म्हणत होतात.”

“काट्याला म्हटलं, माझ्या नातवाला नाही.”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या गोंधळात आईने बाळाला कपड्यात गुंडाळलं, स्वतःचा पदर सारखा केला आणि हात पुढे केला. तिचं नख दुमडलेल्या कोपऱ्याखाली अलगद गेलं. पट्टी एका ओढीत निघाली. तिने ती आपल्या मनगटावर चिकटवून ठेवली आणि म्हणाली, “हं, आता काढा. याच्या बाबाला पाठवायचाय. बोटीवर आहे तो, वजन ऐकून नाचेल.”

मावशीने फोटो काढला. मग बाळाच्या मानेवरचं लाल पुरळ जवळून टिपलं, ते डॉक्टरांसाठी. सगळं उरकल्यावर आईने मनगटावरची पट्टी काढली आणि स्वतःच परत जागेवर लावली.

“मी कधीच काढत नाही,” मावशी मला हळू आवाजात म्हणाली. “पहिल्या दिवशीच सांगते, हे झाकण तुझं. तू उघडलंस तर उघडं. त्याशिवाय मला कोणी घरात घेईल का?”

दोन मिलिमीटर. माझ्या वहीच्या पहिल्याच ओळीत होते. दुमडलेला कोपरा चिकटत नाही. तो पकडण्यासाठी ठेवायचा असतो. जे कायमचं बंद करायचंय, त्याला कोणी पकडायला कोपरा ठेवत नाही. मी मोजलं होतं आणि पान उलटलं होतं. मला एकटीलाच एवढं हसू आलं की सासूबाईंनी विचारलं, “या कोण? डॉक्टर का?”

“माझी भाची,” मावशी म्हणाली. “हुशार आहे. वेळ लागतो.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाराला वीस मिनिटं कमी होती.

“ताई,” पलीकडे मशिनाची घरघर होती, “बादलीवाले दारात उभे आहेत. शेवटचं विचारतो. होल द्यायचा की नाही?”

सवयीने माझ्या तोंडात शब्द आला, ‘मोज...’ मावशीने भुवई वर केली. पिशवी तिच्या पायाशी होती, आणि पट्टा अजून तिच्या उजव्या हाताच्या मुठीत. आईने बाळाला खांद्यावर घेतलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, जणू तिलाही कोणीतरी काहीतरी विचारलं होतं.

“द्या, काका,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “एकच होल, पाठीवर. त्याच्यावर सरकतं झाकण करा, आणि झाकणाची कड बाहेर काढा, समोर बसलेल्या आईच्या अंगठ्याला लागेल अशी. पोर्ट दोन. आणि चौथ्याच्या जागी पेन्सिल बसेल एवढी खाच. लागा कापायला.”